पानामागची धूळ: शोभेच्या झाडांवरची कोळी कीड ओळखून आटोक्यात कशी आणावी

गुलाबाची खालची पानं पांढुरकी पडू लागली की हात आधी खताच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. युरिया दिला, आठवडाभर वाट पाहिली, पानं आणखीच निस्तेज झाली. मग माव्यासाठी आणलेल्या कीटकनाशकाची उरलेली अर्धी बाटली काढली आणि झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत भिजवलं. दोन आठवड्यांच्या आत कळ्यांभोवती बारीक जाळं दिसलं आणि त्यावरून लालसर ठिपके ये-जा करत होते. झाडाची तक्रार खताची नव्हतीच. मी दिलेल्या दोन्ही गोष्टींनी त्या ठिपक्यांचीच चंगळ झाली होती.

ते ठिपके म्हणजे कोळी कीड. कुणी लाल कोळी म्हणतं, कुणी माइट्स.

हे कीटक नव्हेत

कोळी कीड ही कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातली. मोठं झालं की आठ पाय, पंख नाहीत, मिशा नाहीत. हे पुस्तकी वाटेल, पण पुढचा सगळा व्यवहार यावर ठरतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी मारणारी पुष्कळशी औषधं कोळ्यांना लागूच पडत नाहीत. उलट सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं किंवा इमिडाक्लोप्रिड मारल्यावर कोळी भडकल्याचा अनुभव जगभरच्या बागांमध्ये आहे. त्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात, आणि काही औषधांमुळे मादी जास्त अंडी घालते, असा दुहेरी फटका बसतो.

शोभेच्या झाडांवर सर्वांत जास्त सापडतो तो दोन ठिपक्यांचा कोळी. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू बाहेर येतं, मग आठ पायांच्या दोन अवस्था, आणि प्रत्येक कात टाकण्याआधी थोडा काळ निपचित पडून राहणं. हवा ३० अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला आठवडाभर पुरतो. २० अंशांना त्याच कामाला दोन ते अडीच आठवडे लागतात. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. नराशी मिलन झालं नाही तरी ती अंडी घालते, फक्त त्यातून सगळे नरच निघतात. म्हणजे कपड्याला चिकटून आलेली एकटी मादीसुद्धा पुढे त्याच नरांशी मिलन करून नवी वसाहत उभी करू शकते.

हे आठवड्याचं गणित डोक्यात ठेवा. पहिल्या फवारणीने दिसणारे कोळी मरतात, पण अंडी आणि निपचित पडलेली पिल्लं बरीचशी वाचतात. चार दिवसांनी तीच पुढची पिढी होते. बहुतेक जण पहिल्या फवारणीनंतर समाधान मानतात आणि तिथेच हरतात.

पान उलटा, कागद धरा

वरून पाहिलं तर पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कोळ्याने सोंड खुपसून हरितद्रव्यासकट रिकाम्या केलेल्या पेशी. ठिपके वाढत गेले की पान राखाडी, मग तांबूस होतं आणि गळतं. जाळं हे फार उशिराचं लक्षण आहे. जाळं दिसेपर्यंत थांबलात तर झाडावर हजारोंची वस्ती झालेली असते.

खरी तपासणी अशी. पांढरा कागद फांदीखाली धरा, फांदीला तीन-चार टिचक्या मारा आणि दहा सेकंद थांबा. धूळ असेल तर ती पडून राहील. कोळी असतील तर धूळ चालू लागेल. मग दहापट दाखवणारं छोटं भिंग घेऊन पानाची मागची बाजू बघा, विशेषतः मधल्या शिरेच्या कडेने. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दचकलो होतो. पाण्याच्या थेंबासारखी गोल, चकचकीत अंडी, त्यांच्यामध्ये टाकलेल्या कातींचा पांढरा कचरा, आणि त्यातून फिरणारे फिकट पिवळसर-हिरवे जीव. प्रत्येकाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग. तो डाग म्हणजे पारदर्शक कातडीतून दिसणारं पोटातलं खाल्लेलं. दोन ठिपक्यांचा कोळी हे नाव त्यावरूनच पडलं.

एखादा ठिपका नारिंगी, थेंबाच्या आकाराचा आणि बाकीच्यांपेक्षा कितीतरी जलद पळणारा दिसला तर लगेच फवारणी करू नका. तो बहुधा कोळ्यांना खाणारा शिकारी कोळी आहे. पानं खाणारे रेंगाळतात, शिकारी धावतो.

फसवणारी लक्षणंही आहेत. फुलकिड्यांमुळे चंदेरी ओरखडे पडतात आणि सोबत काळी बारीक विष्ठा दिसते. तुडतुड्यांचे ठिपके जरा मोठे असतात, आणि पान हलवलं की ते तिरके उड्या मारतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, टोचल्यासारखे ठिपके नसतात. शंका असेल तेव्हा कागदाचाच कौल घ्यावा.

जाळं नाही, तरी कोळी

काही कोळी जाळं विणत नाहीत, आणि नवशिक्यांची खरी तारांबळ तिथे उडते.

शेंड्याची कोवळी पानं आखडली, कडा खाली वळल्या, कळ्या वेड्यावाकड्या झाल्या किंवा उमलायच्या आधीच काळवंडल्या, तर ब्रॉड माइट किंवा सायक्लामेन माइटचा संशय घ्या. मिरची पिकवणारे ज्याला पिवळा कोळी म्हणतात तो हाच ब्रॉड माइट. लांबी ०.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून साध्या भिंगात तो जवळजवळ दिसतच नाही. बेगोनिया, जरबेरा, इम्पेशन्स, आफ्रिकन व्हायोलेट या झाडांना त्याचा विशेष त्रास. तो पांढऱ्या माशीच्या पायांना लटकून दुसऱ्या झाडावर जातो, त्यामुळे पांढरी माशी असेल तर तिचाही बंदोबस्त सोबतच करावा लागतो. तणनाशकाचा झोत उडून आला तरी पानं अशीच आखडतात. आसपास कुणी तण मारलंय का, हे आधी आठवून पाहा.

जास्वंदीच्या पानांवर फोड आणि खरखरीत गाठी, किंवा मोगरा-जाईच्या पानांवर आणि कळ्यांवर पांढरी लोकरीसारखी लव दिसली की लोक बुरशीनाशक मारतात. ती बुरशी नसते. एरिओफाइड नावाचे, अळीसारखे लांबट आणि चारच पायांचे कोळी पानात काही द्रव्यं सोडतात आणि झाड स्वतःच ती लव उगवतं. कोळी त्या लवेत लपून राहतात. भिंगातूनही ते दिसतील याची खात्री नाही.

ऑर्किडवर चपटे, तांबूस, संथ कोळी येतात. तेही जाळं विणत नाहीत. पानावर चांदीसारखे खोलगट डाग पडतात आणि काही वेळा त्यांच्यामार्फत विषाणूही पसरतो. म्हणून ऑर्किडच्या बाबतीत चालढकल नको.

पहिलं काम: वेगळं करा, छाटा, धुवा

रोगट कुंडी इतरांपासून वेगळी ठेवा. पानांनी पानं टेकली की कोळी चालत जातात. गर्दी झाली की ते शेंड्यावर जमून धाग्यावर लोंबतात आणि वाऱ्याने उडून जातात. बाधित झाड हाताळायचं काम नेहमी शेवटी करा, नंतर हात धुवा, कात्री पुसून घ्या.

फार खराब झालेली पानं आणि जाळ्यात गुरफटलेले शेंडे छाटून थेट पिशवीत टाका आणि तोंड बांधा. कंपोस्टच्या ढिगावर नकोत. मात्र एकदम अर्ध्याहून जास्त पानं काढू नका, आधीच अशक्त झालेल्या झाडाला ते झेपत नाही.

मग धुणं. सगळ्या उपायांमध्ये मी यालाच सर्वांत वरचं स्थान देतो. कुंडीच्या मातीवर प्लास्टिकची पिशवी घालून बुंध्याशी बांधा, कुंडी आडवी करा आणि पानांच्या मागच्या बाजूने, खालून वर, पाण्याचा जोरदार झोत मारा. पान फाटणार नाही एवढाच जोर हवा. कोळी पाण्यासोबत जातात, बरीचशी अंडी आणि जाळंही जातं, धूळही धुतली जाते. लहान कुंडी असेल तर झाड उलटं धरून बादलीतल्या पाण्यात हिसळलं तरी चालतं. हे सकाळी करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतील आणि बुरशीला आमंत्रण मिळणार नाही. मखमली पानांची झाडं, जसं आफ्रिकन व्हायोलेट, झोताने धुऊ नका.

रोज बाटलीने पानांवर तुषार मारले की कोळी जातात, असं बरेच जण सांगतात. तुषारांनी हवेतला ओलावा थोडा वेळ वाढतो आणि पुन्हा होता तसा होतो. मला त्याचा फारसा फरक जाणवलेला नाही. धुणं आणि शिंपडणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तीन-चार दिवसांच्या अंतराने चार वेळा धुतलं आणि प्रादुर्भाव नुकताच सुरू झालेला असेल, तर बहुतेक वेळा पुढचं काही करावंच लागत नाही.

साबण आणि तेल

धुऊन भागलं नाही तर इकडे वळा. दोन्हींचं काम स्पर्शाने चालतं. ज्या कोळ्याला थेंब लागला तो मेला, ज्याला लागला नाही तो मजेत. पानावर त्यांचा असर मागे उरत नाही. म्हणून फवारा पानाखालून मारायचा आणि थेंब गळेपर्यंत मारायचा. वरून दिलेली फवारणी वाया गेली असं समजा.

साबण म्हणजे झाडांसाठी बनवलेला, फॅटी ॲसिडच्या पोटॅशियम क्षारांचा. लेबलवर वेगळं लिहिलं नसेल तर एका लिटर पाण्याला १० ते २० मिली. भांडी घासायचं डिटर्जंट हा साबण नव्हे, त्याने पानावरचा मेणाचा थर उतरतो. पाणी जड असेल तर साबण फाटतो, वर साय येते आणि द्रावण निकामी होतं. अशा वेळी साठवलेलं पावसाचं किंवा गाळलेलं मऊ पाणी घ्या.

कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली. आधी थोड्या कोमट पाण्यात एक-दोन मिली द्रवरूप साबण टाकून त्यात तेल ढवळा, दुधाळ झालं की उरलेलं पाणी घाला. तवंग दिसला तर ते मारू नका, तवंगाच्या जागी पान भाजतं. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. बागेसाठी मिळणारं शुद्ध खनिज तेलही चालतं आणि अंड्यांवर साबणापेक्षा चांगलं काम करतं, कारण ते अंड्यांचा श्वासच कोंडतं.

हे दोन्ही उपाय उन्हात किंवा ३२ अंशांच्या वर नकोत, तहानलेल्या झाडावर तर नकोतच. आदल्या दिवशी पाणी द्या, पहाटे किंवा सूर्य कलल्यावर फवारा. फर्न आणि मेणचट राखी थर असलेली सक्युलंट झाडं साबण-तेलाला नाजूक असतात. प्रत्येक नव्या झाडावर आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस वाट पाहा. एकदा घाईत हे टाळलं आणि फर्नच्या सगळ्या कोवळ्या गुंडाळ्या तपकिरी झाल्या. कोळ्यांनी एवढं नुकसान केलं नव्हतं.

अंतर हवामानावर ठरवा. गरमीत दर तीन-चार दिवसांनी, थंडीत पाच ते सात दिवसांनी, आणि कमीत कमी तीन फेऱ्या. फेऱ्यांच्या तारखा कुंडीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. दुसरी फेरी हमखास विसरली जाते, कारण तोवर झाड बरं दिसू लागलेलं असतं.

कोळीनाशक घ्यायचंच असेल तर

मोठी बाग, गुलाबांचे ताटवे, किंवा शेंड्यात लपलेला ब्रॉड माइट असेल तर साबण कमी पडतो. अशा वेळी बाटलीवर कोळीनाशक असं स्पष्ट लिहिलेलं औषध घ्या, आणि ते तुमच्या झाडासाठी मंजूर आहे का हे लेबलवर वाचा. मात्रा लेबलवरचीच. जास्त टाकल्याने जास्त मरत नाहीत, पानं मात्र जळतात.

कोणतं औषध कुठल्या अवस्थेवर चालतं हे समजून घेतलं तर निम्मी फवारणी वाचते. हेक्सिथायाझॉक्स आणि इटॉक्साझोल अंडी आणि पिल्लांवर चालतात, मोठे कोळी त्यांनी लगेच मरत नाहीत. दुसऱ्याच दिवशी औषध नकली निघालं म्हणून ओरड करू नका. स्पायरोमेसिफेनचाही भर अंडी-पिल्लांवरच, शिवाय पांढऱ्या माशीवरही ते चालतं. प्रोपरगाइट, फेनपायरोक्झिमेट, फेनाझाक्विन फिरत्या कोळ्यांना पाडतात. अबामेक्टिन पानाच्या आत शिरतं, म्हणून शेंड्यातल्या ब्रॉड माइटवर उपयोगी पडतं. मधमाश्यांना मात्र ते घातक आहे. फुलं उमललेली असताना ते टाळा, आणि एरवीही माश्या घरी गेल्यावर संध्याकाळी फवारा.

दोन ठिपक्यांचा कोळी औषधांना सरावण्याच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. एकच औषध सलग वापरलं तर काही महिन्यांत ते पाण्यासारखं होतं. म्हणून औषध बदला, पण बदलताना लेबलवरचा गट क्रमांक, म्हणजे औषध कोळ्याला कोणत्या पद्धतीने मारतं ते सांगणारा आकडा, बघा. फेनपायरोक्झिमेट आणि फेनाझाक्विन दोन्ही २१-ए गटातली. नावं वेगळी असली तरी कोळ्याच्या दृष्टीने ती एकच. आज हे आणि पुढच्या वेळी ते, याला बदल म्हणत नाहीत. अबामेक्टिनचा गट ६, स्पायरोमेसिफेनचा २३, हेक्सिथायाझॉक्सचा १०-ए. असा आलटून-पालटून वापर हवा.

पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक हे जुनं आणि स्वस्त औषध एरिओफाइड आणि ब्रॉड माइटवर अजूनही चांगलं, दोन ठिपक्यांच्या कोळ्यावर मध्यम. साधारण २ ते ३ ग्रॅम लिटरला. तेल मारल्यापासून दोन आठवडे गंधक मारू नका आणि गंधकानंतर तेलही नको, दोन्ही एकत्र आली की पानं जळतात. ३२ अंशांच्या वरही नको.

जुन्या सल्ल्यांमध्ये डायकोफॉलचं नाव सर्रास सापडतं. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्याचा समावेश जगातून बाद करायच्या रसायनांच्या यादीत झाला. कपाटात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका, नाल्यातही ओतू नका. स्थानिक घातक कचरा संकलनात द्या.

हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे. बंद खोलीत किंवा गॅलरीचं दार उघडं ठेवून रासायनिक औषध मारू नका. खोलीतल्या झाडांसाठी धुणं आणि साबण यांच्यापलीकडे मी स्वतः जात नाही. तेवढ्याने झाड वाचत नसेल तर ते टाकून देतो.

शेंड्यातले आणि लवेतले

ब्रॉड माइट असेल तर आधी आखडलेले शेंडे निरोगी पानापर्यंत छाटा, कारण बहुतेक कोळी तिथेच कोंबलेले असतात. मग गंधक किंवा अबामेक्टिन, पाच-सात दिवसांनी पुन्हा. छाटलेल्या जागी फुटलेलं नवं पान सरळ आलं तर जिंकलात. आखडलेलं जुनं पान कधीच सरळ होत नाही, त्याच्याकडे बघून पुन्हा पुन्हा फवारत बसू नका.

एरिओफाइडच्या गाठी आणि लव तशाच राहतात. बाधित पानं-कळ्या खुडून टाका, नवी पालवी फुटताना गंधक मारा. थोड्याच पानांवर असेल तर खुडून सोडून द्या, झाड त्याने मरत नाही.

शिकारी कामाला लावायचे असतील तर

१९५८ मध्ये चिलीहून आणलेल्या ऑर्किडसोबत फायटोसियुलस पर्सिमिलिस नावाचा नारिंगी शिकारी कोळी चुकून जर्मनीत पोचला. काचगृहांच्या बागायतीला तो एवढा मानवला की आज कित्येक देशांत तो पैदास करून विकला जातो. तो जाळं विणणारे कोळीच खातो, ते संपले की उपाशी मरतो. हवेत ६० टक्क्यांहून कमी ओलावा असेल तर त्याची अंडी सुकतात. म्हणून कोरड्या, तापलेल्या गच्चीवर तो टिकत नाही, दमट काचगृहात रमतो. सोडण्याआधी काही आठवडे तीव्र कीटकनाशकं बंद हवीत.

विकत आणायची सोय नसली तरी फुकटचे शिकारी असतातच. मोहरीएवढा काळा ढालकिडा फक्त कोळ्यांवर जगतो. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाची पिल्लं, शिकारी फुलकिडे हेही कोळी खातात. त्यांच्यासाठी करायचं एवढंच, की मावा दिसला म्हणून सगळ्या बागेवर एकदम औषध मारायचं नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून

धुळीने माखलेलं, तहानलेलं आणि नत्राने फुगलेलं झाड कोळ्यांना सर्वांत प्रिय. पाणी वेळेवर द्या, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू धुवा, युरियाचा हात आखडा. भिंतीलगतच्या कुंड्या तापतात, त्या थोड्या पुढे ओढा. नवं झाड आणलं की दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा आणि या काळात दोनदा कागदाची चाचणी घ्या. बाहेरून आलेला कोळी बहुतेक वेळा असा पाहुण्यासारखा कुंडीतून येतो.

उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून कळत नाही, त्यांचे ठिपके भरून येत नाहीत. उपचार सुरू केल्याच्या दिवशी सर्वांत वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला दोरा बांधा. दोऱ्याच्या वरची पानं स्वच्छ आली आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा कागद कोरा राहिला की फवारणी थांबवा. नंतर पंधरा दिवसांनी एकदा टिचकी पुरे. प्रत्येक बागेत एखादं झाड असं असतं की कोळी आधी त्याच्यावर चढतात. माझ्याकडे तो झेंडू आहे. मी तो मुद्दाम गुलाबांपासून चार हात लांब ठेवतो आणि कागद आधी त्याच्याखाली धरतो.